पाय टेकायचा नाही

बिब्ब्याचा डाग काळा असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पायात काटा मोडला की तो सुईने काढायचा आणि वर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका द्यायचा. जखम पिकत नाही, डाग मात्र वर्षानुवर्षं राहतो. आमच्या मालेगावात शंभर तळपाय उलटे करून पाहिले तर निम्म्यांवर असा डाग सापडेल. म्हणून माझ्या मालकांच्या, शालिग्रामच्या, डाव्या टाचेवर काळा ठिपका दिसला तेव्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही. त्यांच्या आत्यानेच, गोजराबाईने, तिथे दोन वर्षांपूर्वी बिब्बा लावला होता. ठिपका डाळीएवढा होता, तो चाराण्याएवढा झाला. मी दोनदा म्हटलं, हा डाग वाढतोय. आत्याबाई म्हणाल्या, "बिब्बा उतून पसरला असन." आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा बिब्बा नाही, कातडीचा कॅन्सर आहे. मेलॅनोमा. ते नाव बस अमरावतीला येईपर्यंत मी विसरले होते. त्यांनी टाच कापली, मांडीची कातडी काढून तिथे लावली. आठ महिन्यांनी जांघेत गाठ आली, तीही काढली. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, हा पुन्हा कुठे निघेल सांगता येत नाही. वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा. दोन वर्षं आधी आला असतात तर नुसता डाग काढून मोकळे झालो असतो."

मालक दाराआडून ऐकत होते. वर्ष-दीड वर्ष हे त्यांनी ऐकलंच नसावं, कारण परतीच्या बसमध्ये ते एकच गोष्ट घोकत होते.

"दोन वर्ष आधी! अंजने, गावात अजून कितीक जनायचे पाय असे असतीन?"

"असू द्या. आपले पाह्यले तेवढे पुरे झाले."

पण ऐकतील तर ते शालिग्राम कसले! बसस्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान. टाच गेल्यापासून जमिनीवर लंगडायचे, पण पेडल चवड्यानेच मारायचं असतं, त्यामुळे सायकलवर बसले की राजा. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, मालेगावात येऊन लोकांचे पाय तपासाल का? डॉक्टर म्हणाले, एका रविवारी फुकट येतो. पण गाडी, औषधं, दोन नर्सबाया आणि ज्यांना नागपूरला न्यावं लागेल त्यांचा खर्च, एवढं तुम्ही बघा.

तेव्हा गावोगावी सायकलवाले यायचे. शाळेच्या मैदानात गोल गोल फिरत राहायचं, जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, झोप आली तरी पाय जमिनीला टेकायचा नाही. लोक सदऱ्याला नोटा टाचायचे. पण खरी गर्दी शेवटच्या सकाळी. तो माणूस खाली उतरतो कसा, हे बघायला सगळा मुलूख लोटायचा. मधेच उतरला तर तमाशाही नाही आणि पैसाही नाही. मालकांनी ठरवलं, आपण बहात्तर तास फिरायचं. गुरुवारी सकाळी आठला सुरू, रविवारी बाजाराच्या दिवशी आठला खाली. कापडवाले शिखरचंद लाऊडस्पीकर देणार होते आणि जमलेले पैसे त्यांच्याकडे राहणार होते.

मी भांडले. भांडण हा माझा हातखंडा आहे.

"लोकायच्या पायाची लई पडली हाय तुमाले. मले लोकायचे पाय नाई पायजे. मले तुमी पायजे. किती दिवस हायेत आपल्याजवळ? त्यातले तीन तुमी मैदानात गोल फिरून घालवनार?"

"मंग काय घरी बसू? तू माह्याकडे पाहशीन न रडशीन. मी तुह्याकडे पाहीन न रडीन. रुखी दोघायकडे पाहीन." रुखी आमची मुलगी, चौथीत होती. "मले अजून फिरता येते, अंजने. येते तवर फिरतो."

गुरुवारी मी मैदानाकडे फिरकले नाही. भाकरी रुखीच्या हाती धाडली. घरात बसून लाऊडस्पीकरवर शिखरचंदचा आवाज ऐकला आणि मनातल्या मनात त्यांनाही शिव्या दिल्या. शुक्रवारी दुपारी रुखी रिकामा डबा घेऊन आली. म्हणाली, "माय, बाबाचे डोळे लागून राह्यले. कोनी बोललं त जागे राहतीन."

मी पदर खोचला आणि गेले.

सायकल थांबवता येत नव्हती, म्हणून मीच तिच्या बाजूने चालू लागले. सगळं गाव बघत होतं. नवऱ्याशी चारचौघांत दोन शब्द बोलायची सोय नव्हती, आणि मी त्या मैदानात तासन्‌तास बोलत फिरले. बारा वर्षांच्या संसारात आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. घरी असले की ते जेवायचे, मी वाढायची, संपलं. तिथे त्यांनी कबूल केलं, की मला बघायला आले तेव्हा मी त्यांना धड दिसलेच नव्हते, माझ्या भावाची नवी कोरी सायकल बघून त्यांनी होकार दिला होता. मी पाठीत धपाटा घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकदम म्हणाले, "दुकान इकू नको. पंक्चर काढनं रुखीले शिकवलं मी. चाक सरळ करनं तुले शिकवतो." मी बरं म्हटलं. त्यावेळी रडले नाही, कारण चालताना रडलं की धाप लागते.

शनिवारी दुपारी आसेगावहून तुळसा नावाची एक बाई आली. विशी-बाविशीची असेल, कडेवर लेकरू होतं. पायाचे डाग बघायला डॉक्टर येणार, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी तिथेच मातीत बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि पदराने पुसला. बोटांच्या खाली काळा डाग होता. ओल्या कागदावर शाई फुटावी तशी त्याची कड फुटली होती.

"बिब्बा कवा लावला होता?"

"कवाच नाई लावला जी."

आत्याबाई तीन दिवस मैदानाच्या कडेला बसून होत्या, घरी चला म्हटलं तर ऐकत नव्हत्या. त्यांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, अंगठ्याने चोळलं. "हा बिब्बा नोहे," त्या म्हणाल्या. "शालिग्रामचा मी तवा असा वाकून पाह्यलाच नाई, बाई."

तुळसाचा नवरा तिला नागपूरला न्यायला तयार नव्हता. बाजाराला येतोच, तेव्हा मालेगावात डॉक्टर आले तर दाखवू, एवढं मात्र तो म्हणाला होता. "डॉक्टर कवा येतीन?" तिने विचारलं.

"पैसे जमले की पुढच्याच रविवारी," मी म्हटलं.

दिवस कलला तेव्हा मालकांचा डावा पाय खांबासारखा सुजला होता. जांघेतली गाठ काढल्यापासून तो सुजायचाच, पण असा कधी नाही. चवडा पेडलवरून घसरत होता. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, "अंजने, आता नाई होत. उतरतो मी. घरी जाऊ आपन."

तीन दिवस मी हेच वाक्य ऐकायला जीव टाकत होते. 'चला' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. घरी नेलं असतं, पाय शेकला असता, रुखीला मांडीवर घेऊन ते झोपले असते. आणि समोर ती तुळसा लेकराला पाजत बसलेली. गेली नव्हती ती अजून.

"नाई," मी म्हटलं. "उतराचं नाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरीच कुणी बाई आहे.

मी दुकानाकडे धावले, जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली. चालत्या सायकलबरोबर पळत त्यांचा उजवा पाय पेडलला बांधला, म्हणजे एकाच पायाने दाबताही येईल आणि ओढताही येईल. बांधताना मी दोनदा पडले, माझे गुडघे फुटले. डावा पाय उचलून हँडलवर ठेवला, डॉक्टरांनी तो वरच ठेवायला सांगितलं होतं. सीटला मागून माझा हात. शिखरचंद लाऊडस्पीकरवर म्हणत होते, "आरामसे, भाभी, आरामसे." मी म्हटलं, आराम घरी गेल्यावर. मी दमले की आत्याबाई माझी जागा घ्यायच्या, सत्तरीची म्हातारी, पण सीट सोडली नाही. अशी ती रात्र गेली.

रविवारी आठ वाजता मैदानात मुंगीला वाट नव्हती. मालकांच्या सदऱ्याचं कापड दिसत नव्हतं, इतक्या नोटा. मी ट्यूब सोडली. ते उतरले, उभं राहता येईना, माझ्या अंगावर कोसळले आणि आम्ही दोघंही धुळीत बसलो. शिखरचंदनी सदऱ्यावरच्या नोटा एकेक करून काढून मोजल्या आणि लाऊडस्पीकरवर सांगितलं, पैसे जमले.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले. मालक बादली घेऊन दाराशी बसले होते, मातीत डाग लपतो म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचे तळपाय धुऊन आत सोडत होते. दोनशेच्या वर पाय धुतले त्यांनी. बाकी सगळे बिब्बेच निघाले. एकट्या तुळसाचा नाही. तिला नागपूरला नेलं, तिचं एक बोट गेलं, ती राहिली. ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. तिचं ते कडेवरचं लेकरू आता हायस्कूलात जातं.

मालक त्याच साली श्रावणात गेले. जायच्या आधी आठवडाभर अंथरुणाला होते, त्याआधी, डॉक्टर येऊन गेल्यापासून, एक दिवस दुकान बंद नव्हतं. एका दुपारी मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. मला राहवलं नाही.

"त्या शनवारी मी चला म्हनलं असतं त?"

"उतरलो असतो," ते म्हणाले. "लगेच. मले घरीच याचं होतं, अंजने. तू नाई म्हनली म्हून फिरलो."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून खूप रडले. चुकलं, असं मात्र मी म्हटलं नाही, आणि त्यांनीही मला म्हणू दिलं नसतं.