आधी सगळ्या खिडक्या बंद करा

मी पान बोलतोय. झाडाचं नव्हे, वहीचंही नव्हे, इंटरनेटवरचं. भरतकामाचं मशीन संगणकावरून चालवायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे आणि त्याचं पोट सगळ्यांना उघडं आहे. ज्याला वाटेल त्यानं आत हात घालावा, सुधारावं. ते वापरायचं कसं, हे सांगणारं मदतीचं पान म्हणजे मी.

माझा जन्म घाईत झाला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरची बायको चपला घालून दारात उभी होती.

"येतोयस की मी जाऊ?"

"आलोच गं. एवढं एक पान खरडतो."

त्यानं खरंच खरडलं. माझं पहिलं वाक्य होतं, 'आधी सगळ्या खिडक्या बंद करा.' दुसरं, 'मग नेहमीप्रमाणे मशीन जोडा.' कुणाच्या नेहमीप्रमाणे, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. बायको तोवर जिना उतरली होती.

पुष्कळ दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस मावशी आल्या. त्या शर्टांवर नावं भरून देत. त्यांच्या मशीनच्या कंपनीनं गाशा गुंडाळला, तिचं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि मशीन मुकं झालं. नेमकी तेव्हाच फुटबॉल क्लबच्या शर्टांची ऑर्डर आली होती. सामना दुसऱ्याच दिवशी. शर्ट वेळेत गेले नाहीत, तर समोरचं मोठं दुकान हे गिऱ्हाईक पळवणार आणि मावशींना टाळं लावावं लागणार.

मावशींनी मला मोठ्यानं वाचलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, सगळ्या खिडक्या लावा. बाथरूमचीसुद्धा."

"तिला काच कुठंय?"

"मग उशी लावून धरा!"

काका निवृत्त बसचालक होते. सूचना मोडायची त्यांना सवय नव्हती. ते उशी घेऊन बाथरूममध्ये गेले आणि उभे राहिले. इकडे मशीन ढिम्म. शेवटी मावशींनी माझ्याखाली लिहिलं, 'खिडक्या लावल्या. हे बाथरूममध्ये उशी धरून उभे आहेत. किती वेळ उभं राहायचं ते पानावर दिलेलं नाही. कृपया सुधारणा करावी.'

मला आजवर कुणी इतकं मनापासून वाचलं नव्हतं. मी गहिवरलो.

आमच्याकडे बिनपगारी काम करणारी मंडळी आहेत. त्यांतल्या एका शिक्षिकेला सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात. दुसरा 'सावधान', तो दिसेल तिथं इशारा घालतो. दोघं लगेच धावून आले.

"उशीचा मुद्दा रास्त आहे," स्वल्पविराम म्हणाली. "आपण काच नसलेल्यांचा विचारच केला नव्हता."

सावधाननं माझ्यात लाल अक्षरांत भर घातली: 'उशी धरणाऱ्यानं मधूनमधून हात बदलावा.'

मग प्रोग्रामर उगवला. त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, खिडक्या म्हणजे संगणकावरच्या! हे उघडच आहे!"

"उघडं आहे?" सावधान भडकला. "मग बंद करा कशाला लिहिलंस?"

यावर बराच वाद झाला. काका अजून बाथरूममध्येच होते.

शेवटी स्वल्पविरामनं मावशींना फोन लावला. "मावशी, आता पडद्यावर काय दिसतंय, तेवढंच सांगा."

"माझाच चेहरा दिसतोय. खिडक्या लावल्यात ना, अंधार आहे."

"दिवा लावा. आता?"

"एक वायर आहे. ती कुठं घालू?"

"मशीनच्या मागं, खालच्या भोकात."

मावशी विचारत, स्वल्पविराम सांगे आणि सांगितलेलं मला लिहून काढी. माझी वाक्यं एकेक करून बदलली. 'नेहमीप्रमाणे' गेलं, 'खालच्या भोकात' आलं. अंगातली जुनी ठणक उतरावी तसं मला वाटलं. शेवटची ओळ लिहून झाली आणि मशीन खडखडलं!

"अहो, या बाहेर! चाललं!"

काका उशीसकट धावत आले. हात तसेच वर राहिले होते. मशीन रात्रभर चाललं आणि दोघं खुर्चीतच झोपले.

घोटाळा सकाळी कळला. मी हाताशी असावा म्हणून मावशींनी मला कॉपी केलं होतं आणि चुकून खेळाडूंच्या नावांच्या चौकटीत चिकटवलं होतं. कर्णधाराच्या छातीवर नावाऐवजी मी होतो: 'काहीच न घडल्यास वायर काढून पुन्हा घाला.' गोलकीपरच्या छातीवर: 'पुढे जाण्यापूर्वी खात्री करून घ्या.'

मावशींना रडू फुटलं. उसवायला वेळ नव्हता. काकांनी शर्टांच्या घड्या घातल्या आणि मान खाली घालून ते पोचवून आले.

हा क्लब आजवरचा प्रत्येक सामना हरला होता. त्या दिवशी प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन सुसाट यायचा, गोलकीपरची छाती वाचायचा आणि त्याचा पाय अडखळायचा. तेवढ्यात कुणीतरी चेंडू काढून घ्यायचं. सामना बरोबरीत सुटला. प्रेक्षकांनी अकराच्या अकरा जणांना खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कर्णधार मावशींच्या दारात हजर. "पुढच्या वर्षीही हाच मजकूर हवा. शब्द बदलू नका."

आता मी दोन ठिकाणी राहतो. पडद्यावरचा मी नीटनेटका झालोय. लोक येतात, वाचतात, काम झालं की निघून जातात. निघताना, बाबांनो, एवढं करा: कुठं अडलात, ते मावशींसारखं निःसंकोच लिहून जा. हसलं कुणी तर हसू दे.

कापडावरचा मी घाम गाळतो, चिखलात लोळतो, दोरीवर वाळतो. मला गरम पाण्यात टाकू नका. इस्त्री उलट्या बाजूनं करा. आणि मैदानावर चेंडू घेऊन माझ्यासमोर आलात, तर घाई करू नका. शांतपणे, शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.