टेस्टरचं कुंकू

दसरा झाला आणि अंबरनाथच्या त्या कारखान्यातले ट्रान्झिस्टर पटापट मरायला लागले. कालपर्यंत धडधाकट निघणारा माल! आज टेस्टरच्या सॉकेटमध्ये त्याचे पाय खोचले की लाल दिवा. लीकेज, म्हणजे करंट जिथून जायला नको तिथूनच झिरपतोय. अर्धा माल रिजेक्टच्या ट्रेमध्ये जाऊन पडला, आणि उल्हासनगरचे रेडिओवाले ऑर्डरसाठी फोनवर फोन करायला लागले.

प्रॉडक्शन मॅनेजर शशिकांतने आधी सोन्याच्या तारेला शिव्या घातल्या, मग हवेला, मग तारा जोडणाऱ्या पोरींच्या घामाला. नाचता येईना म्हटल्यावर वाकड्या अंगणांना काय तोटा! शेवटी मालक विष्णुपंत बेंबीच्या देठापासून ओरडले, “ती मढी फाडणारी बाई कुठाय?”

ही बाई म्हणजे कात्रपची मालिनी, फिजिक्सची बी.एस्सी. कँटीनला लागून असलेल्या खोलीत तिची लॅब. मेलेल्या ट्रान्झिस्टरचं काळं प्लास्टिक ॲसिडने उतरवायचं, आतला चिमुकला तुकडा मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि तो का मेला ते शोधून काढायचं, हे तिचं काम. तिला ते जिवापाड आवडायचं. विष्णुपंतांना मात्र ती शुद्ध उधळपट्टी वाटायची. एका मोठ्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून त्यांनी लॅब काढली होती, एवढंच.

“मालिनीबाई, शनिवारपर्यंत कारण सांगा,” ते म्हणाले. “नाहीतर लॅबला कुलूप. ऑफिसात टायपिंगला माणूस हवंच आहे.”

टायपिंग! खोलीत जाऊन तिने एकामागून एक मढी फाडली. आत बघते तर सगळं लख्ख. तार जागेवर, जोड पक्के, जळल्याची खूण नाही. “अगं बाई, हा तर चांगला होता की! आणि मी त्याला ॲसिडमध्ये घातला!” मग तिने ट्रेमधले न फाडलेले रिजेक्ट आणून आपल्या मीटरवर तपासले. पहिला पास. दुसरा पास. तिसराही पास. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे! मालात खोट नव्हतीच. खोट होती माल तपासणाऱ्या टेस्टरमध्ये.

ती तडक टेस्टरपाशी गेली. तिथे बदलापूर गावची गोदू बसायची. मशीन तिने आरशासारखं पुसून ठेवलेलं. फक्त मधोमध, सॉकेटवर, कुंकवाचा हा एवढा मळवट! दसऱ्याला विष्णुपंतांनी स्वतः पाण्यात कालवून लावलेला, आणि विष्णुपंतांचा हात सढळ. ते ओलं कुंकू पार सॉकेटच्या भोकांत उतरलं होतं. दमट हवेत करंटला एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जायला आयती पायवाट झाली होती. रोज सगळे ते बघत होते. पण कुंकवाला कचरा कोण म्हणणार? मालिनीनेही दसऱ्याला त्याला नमस्कारच केला होता.

तिने स्पिरिटचा बोळा पुढे केला तशी गोदूने तिचा हातच धरला. “अगो बाई, कुंकू पुसाचा नसतंय! आन ते बी मालकांनी लावलेला!”

गलका ऐकून विष्णुपंत आणि त्यांच्यामागे शशिकांत येऊन उभे राहिले. मालिनीने सगळं समजावलं. विष्णुपंत लालबुंद झाले.

“माझ्या हातचं कुंकू माल मारतं? काहीतरीच! या जपानी मशीनवर कारखाना उभा आहे. सवाष्ण आहे ती!”

“मग तिचा नवरा कोण, साहेब?” मालिनीच्या तोंडून निघूनच गेलं.

शशिकांतला ठसका लागला.

“असेल जपानात!” विष्णुपंत गरजले. “आहे ना? मग सुखरूप राहू दे की! कुंकू पुसलंत तर आत्ताच टाइपरायटरवर जाऊन बसा.”

मालिनीचं डोकं सणकलं. पण भांडून काही होणार नव्हतं. तिने शशिकांतकडून कपाटातलं नवं सॉकेट आणि स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, जुनं सॉकेट कुंकवासकट अलगद सोडवलं आणि विष्णुपंतांच्या ओंजळीत ठेवलं.

“पुसलं नाही, साहेब. देव्हाऱ्यात ठेवा.”

नवं सॉकेट बसलं. गोदूने ट्रेमधला एक रिजेक्ट खोचला. हिरवा! दुसरा, हिरवा! विष्णुपंतांनी सॉकेट खिशात घातलं, गोदूला उठवलं आणि स्वतःच बसले. ट्रे रिकामा होईपर्यंत ते माल खोचत राहिले.

“म्हणजे हे माझ्या हातून झालं?” त्यांनी खाली मानेनेच विचारलं.

शशिकांत मागून खुणा करत होता, नाही म्हण, नाही म्हण.

“हो, साहेब,” मालिनी म्हणाली. “तुमच्याच.”

विष्णुपंत उठून चालते झाले. झालं, संपली आपली लॅब, मालिनीला वाटलं. खरं बोलायची कसली ही खोड! ती खोलीत आली आणि भरल्या डोळ्यांनी मायक्रोस्कोपवर कापड घालायला लागली.

तेवढ्यात दारात विष्णुपंत. हातात कुंकवाची वाटी.

“टायपिंगला दुसरी मुलगी बघतोय,” ते म्हणाले. “इथली पूजा राहिली होती.”

दसऱ्याला कँटीनच्या मिक्सरलासुद्धा कुंकू लागलं होतं, पण या मढ्यांच्या खोलीकडे कुणी फिरकलं नव्हतं. मालिनीच्या ते जिव्हारी लागलं होतं, पण सांगणार कुणाला? तिने घाईघाईने कापड काढलं. विष्णुपंतांनी वाटीत बोट बुडवलं, मायक्रोस्कोपकडे नेलं आणि मध्येच थांबले. कारखान्यात आजवर त्यांनी कधी कुणाला विचारून काही केलं नव्हतं.

“मालिनीबाई,” ते हळूच म्हणाले, “कुठं लावलं तर चालेल?”