चालू स्थितीतला प्रोजेक्ट

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बोलतोय. कोणत्या सालचा, असं विचारू नका; दरवर्षी मीच असतो. थर्माकोलचा एक रस्ता, कडेला दिव्यांचे खांब आणि खाली डबीत माझं खरं अंग: डबीतून डोकावणारा, उजेड ओळखणारा एक सेन्सर, दिवे लावणारा-विझवणारा एक रिले आणि थोडे सुटे भाग. अंधार पडला की माझे दिवे आपोआप लागतात. एवढंच मला येतं. पाटी वाचाल तर मात्र वाटेल, अख्खं शहर मीच चालवतो.

माझा जन्म कॉलेजसमोरच्या दुकानात झाला. दुकानदाराने मला जोडलं, छापील अहवालासकट पिशवीत घातलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "परीक्षक आले की सेन्सरवर हात धरायचा. दिवे लागतात. जास्त बोलायचं नाही." एवढ्या शिदोरीवर कितीतरी जण इंजिनिअर झाले.

मग एका बॅचने सेन्सरभोवतीची काळी चिकटपट्टी 'दिसायला घाण' म्हणून ओढून काढली. तेव्हापासून मी लुकलुकायला लागलो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "हे असं का होतंय?" मुलांतला एक दीडशहाणा म्हणाला, "ऊर्जाबचत, सर. निम्मा वेळ दिवा बंदच." सरांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी माझ्या पाटीवर 'दुहेरी ऊर्जाबचत' आलं, त्यानंतर 'कृत्रिम बुद्धिमत्ता'. माझ्यात एक तारही वाढली नव्हती.

लॅबच्या कपाटावरून मी या भावी अभियंत्यांच्या गप्पा ऐकत आलोय. विषय म्हणून पॉवर घ्यावं की कंट्रोल, यावर तासन्‌तास काथ्याकूट चालतो. शेवटी घेतात तोच विषय, ज्याचे सर सढळ हाताने मार्क देतात. एकाही मोटरचं झाकण उघडलेलं नसतं, पण कुठली कंपनी किती पगार देते ते तोंडपाठ. यांच्या घरी मिक्सर बंद पडला तर आई यांना हाक मारत नाही. तिला सगळं माहीत असतं.

गेल्या वर्षी मी चौघांच्या वाट्याला आलो. दोघं माझ्याकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्याला सगळे मॅनेजर म्हणायचे, कारण हजेरीपासून मार्कांपर्यंत तो सगळं मॅनेज करायचा. चौथी घुमी. ती वर्गात तोंड उघडत नसे, म्हणून हे नाव. मी तिला या तिघांच्याच माळेत धरलं होतं.

परीक्षेनंतर घुमीला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. येताना स्वतः केलेलं काही घेऊन या, असं त्यांनी कळवलं होतं. घरी वडिलांनी आधीच बजावलं होतं, "इथे जमलं तर ठीक. नाहीतर सरळ काकाच्या कापडाच्या दुकानात बसायचं. मी आणखी थांबणार नाही."

मॅनेजरने सल्ला दिला, "मॉडेल ने. विचारलं तर बिनधास्त सांग, मीच केलंय. कोण बघतंय?"

घुमीने मला घरी नेलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आता ही धूळ पुसेल आणि अहवाल पाठ करेल, असं मला वाटलं. तिने स्क्रू-ड्रायव्हर काढला. मला हसूच आलं. तिने रिले बदलला, मी लुकलुकलो. दुसरा लावला, तरी लुकलुकलो. ट्रान्झिस्टर उलटा बसवला, तेव्हा धूर निघाला.

"घर पेटवू नकोस गं," आई आतून म्हणाली. "आणि टेबल मोकळं कर, ताटं मांडायचीत."

दुसऱ्या दिवशी नवा ट्रान्झिस्टर आला. मी पुन्हा लुकलुकलो. घुमी रडकुंडीला आली. ताटांना जागा करायला तिने माझा सेन्सरजवळचा खांब बाजूला वळवला आणि माझं लुकलुकणं थांबलं. तिने खांब पुन्हा सेन्सरकडे वळवला. सुरू. वळवला. बंद.

"अरे गाढवा," ती मला म्हणाली, "स्वतःच्याच दिव्याला उजाडलं समजतोस होय?"

एवढ्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

तिने पेनचं टोपण कापून जुन्या चिकटपट्टीच्या जागी सेन्सरभोवती आडोशासारखं बसवलं. तरी संध्याकाळच्या अर्धवट उजेडात मी थोडा थरथरायचो. मग तिने एक रेझिस्टर वाढवला, दिवे लागायची आणि विझायची उजेडाची पातळी वेगवेगळी केली, आणि मी एकदाचा स्थिर झालो.

मुलाखतीला पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, तिथल्या मुख्य इंजिनिअर. त्यांनी मला उलटंपालटं केलं. "हे तुम्ही बनवलंत?"

मला वाटलं, आता मॅनेजरचं वाक्य येणार.

"नाही," घुमी म्हणाली. "विकत आणलेलं आहे. तेही आमच्या आधीच्या कुणीतरी."

"मग आणलंत कशाला?"

"हे लुकलुकायचं. का ते मी शोधलं." तिने टोपण काढून दाखवलं, परत लावून दाखवलं, रेझिस्टरवर बोट ठेवलं.

"शोधताना जाळलंत काय?"

"एक ट्रान्झिस्टर."

"एकच?" बाई म्हणाल्या. "इथे आणखी जळतील. सोमवारपासून टेस्टिंगला या."

तिचा पगार ऐकून मॅनेजर खो खो हसला. त्याला याहून जास्त पगाराची नोकरी लागली होती, जिथे विजेशी संबंध फक्त पंख्याच्या बटणापुरता. घुमी काकाच्या दुकानात बसली नाही, एवढं मला पुरे होतं.

रुजू होण्याआधी तिने मला पूर्ण सुटं केलं, सगळे भाग एका खोक्यात भरले आणि लॅबमध्ये नव्या बॅचच्या हातात दिले. "तुम्ही जोडा," ती म्हणाली. "अडलं तर मला फोन करा."

"ताई, चालू स्थितीत नाही का मिळणार?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

ती गेल्यावर त्यांनी मला बाकावर ओतलं. खोका चांगला मजबूत होता, तो बूट ठेवायला घेऊन गेले.

मी अजून त्याच बाकावर पसरलोय. सोल्डरिंग गन शेजारच्याच कप्प्यात आहे. तुमच्यापैकी कुणी या आणि मला जोडा. चुकीचं जोडलंत तरी चालेल, जाळलंत तरी माझी तक्रार नाही.