आमच्या ह्यांचं पुण्यानुमोदन

माह्या नवऱ्याच्या मयतीले अख्खी वस्ती आलती. त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाई. पण मंग त्यांच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं, त्या दिवशी? बाप्पा, काय सांगू तुमाले!

आर्णीकडच्या आमच्या वस्तीत विहार एक, पण बुद्ध तीन झाले. घनश्याम गुरुजी विहार समितीचे अध्यक्ष. थे म्हणतात, थेरवादच खरा, जे होईल थे पालीत, भंतेजीच्या हातून. इंद्रजित दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराले जाऊन आला, तवापासून तो म्हणते, बुद्धानं फक्त श्वास पाहायले सांगितला, हार-मेणबत्त्या बंद करा. अन् उज्ज्वला महायानवाल्यांची, घंटी वाजवून मोठ्यानं सूत्र म्हणते. आमचे हे तिघांकडंही जाऊन बसत. "विमल, बुद्धाले कुठूनबी हात जोडले तं काय बिघडते?" म्हणत. थेच नडलं. आता तिघंही म्हणून राह्यले, श्रावणदादा आमचेच.

मले एवढंच पाह्यजे होतं, का सगळ्यांनी एका जागी बसून एका आवाजात त्रिशरण म्हणावं. छप्पन साली माहे सासरे नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तवा वस्तीनं मिळून घरातले देव नदीत सोडले होते. बापाच्या तोंडून ऐकलेली थे गोष्ट सांगताना ह्यांचे डोळे भरून येत.

सकाळी आमच्या दारापुढच्या मांडवात, ह्यांच्या फोटोसमोरच जुंपली. उज्ज्वलानं घंटी काढली तं गुरुजी तडकले. म्हणाले, "विहारात हे चालत नाई, इथंही चालणार नाई." इंद्रजित म्हणे, "मंग तुमचं पालीतलं परित्राण-पठण तरी कायले? थेही कर्मकांडच." गुरुजींनी विहाराची किल्ली खिशात टाकली.

मी मधात पडली तं गुरुजी मलेच शिकवाले लागले. "वहिनी, मनाले लावून घेऊ नका. बुद्ध गेल्यावर शंभर वर्षांत संघ फुटला होता. पुढं अठरा निकाय, म्हंजे पंथ झाले."

"झाले असतील," म्या म्हटलं. "पण माह्या मांडवात एकोणिसावा कायले काढता?"

इंद्रजित जवळ आला. "काकू, सगळं अनित्य आहे. रडू नका."

"तुहं अनित्य तुह्या घरी ने! माहा माणूस गेला, मी रडीन."

असा राग आलता, का एकेकाच्या थोबाडीत ठेवून द्यावी. पण ऐकतो कोण? आपापल्या मोबाईलमधला ह्यांचा फोटो घेऊन तिघंही तीन दिशेले गेले. गुरुजी विहारात, इंद्रजित शाळेच्या वऱ्हांड्यात, उज्ज्वला आपल्या आंगणात. लोकं त्यांच्या मागं पांगले. येकालेही वाटलं नाई, का जिचा नवरा गेला तिच्यापाशी बसावं. माह्या मांडवात मी, माही लेक निकिता अन् वरण-भाताचे गंज.

थोड्या वेळानं विहारातला भोंगा सुरू झाला. तिकून घंटी वाजत होती. निकितानं मेणबत्ती लावली अन् आमी दोघींनी हात जोडले.

बुद्धं सरणं गच्छामि. म्हटलं. धम्मं सरणं गच्छामि. थेही म्हटलं. तिसऱ्यापाशी माही जीभच उचलेना.

"आई, म्हण ना," निकिता म्हणाली. "संघं सरणं गच्छामि."

"कोणाले शरण जाऊ व माय?" म्या म्हटलं. "हाय कोण इथं?"