कान बघणारा पाहुणा

वाउटर नावाचा तो डच पाहुणा पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेला. स्लेजवरून उतरून धड कॉफीचा कपही हातात घेतला नव्हता, तोवर त्याने विचारलं, तुमच्याकडे रेनडिअर किती? उत्तरेकडे रेनडिअर पाळणाऱ्या आम्हा सामी लोकांत हे कुणी कुणाला विचारत नाही, घरात पैसा किती असं विचारल्यासारखं ते. सख्खी बहीण भावाला विचारत नाही. मी आमचं ठरलेलं उत्तर दिलं, झाडाच्या अलीकडे थोडी, पलीकडे थोडी, आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसले.

दर फेब्रुवारीत मी थोडे पाहुणे पठारावर आणते. त्यांनी बर्फ बघावा, पांढरा कोल्हा बघावा, तंबूत राहावं आणि सुखाने आपापल्या घरी जावं. पण ह्याचं सगळंच निराळं. डोक्यावरून गरुड गेला तेव्हा बाकीचे माना मोडेस्तोवर वर बघत होते, आणि हा महाशय गुडघ्यावर बसून माझ्या रेनडिअरचे कान न्याहाळत होता. कॅमेऱ्याची नळी ही एवढी, हाताएवढी लांब.

आता कान म्हणजे काय, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. प्रत्येकाची कानावरची कापखूण वेगळी असते. कान बघितला की जनावर कुणाचं ते कळतं. मग ह्या परक्याला कानांचं एवढं वेड कशाला?

मला शंका यायला कारणही होतं, दोन हिवाळे माझी पाडसं नाहीशी होत होती. वुल्वरीन नावाच्या शिकारी जनावराने नेली म्हणावं, तर कुठे रक्त नाही की डोमकावळ्यांची गर्दी नाही. माझी मुलगी एल्ले शाळा संपवून वसंतात कळपावर यायची होती. पाडसंच उरली नाहीत तर तिच्या हातात काय देऊ, माझी टोपी? यंदाही कळप घटला, तर पोरीला किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात जावं लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता.

त्यात माझ्या धाकट्या भावाने, इस्साटने, तेल ओतलं. आमचे दोघांचे कळप हिवाळ्यात एकत्र चरतात. मी पाहुण्यांत अडकले की राखण तोच करतो. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ह्याला शिंगं दिसतच नाहीत बघ, कानच दिसतात. कुणातरी चोराचा हेर आहे हा. उद्या गावात सोडून येतो."

मला ते पटलं. पण नुसतं सोडून येणं मला पुरे नव्हतं, मला त्याला रंगेहाथ धरायचं होतं. दुसऱ्या दिवशी वाउटर एकटाच टेकाडामागे गेला, तशी मी मागोमाग गेले. स्वारी बर्फात पालथी, डोळा कॅमेऱ्याला लावून पडलेली. मी मुद्दाम मोठ्याने खाकरले. चोराच्या मनात चांदणं, दचकेल म्हटलं. तर ह्याने हसून तोंडावर बोट ठेवलं, मलाच गप्प केलं. काय निर्ढावलेला माणूस, असं म्हणत मी परत आले.

दुपारी सगळे तंबूतल्या शेकोटीभोवती बसले होते. इस्साट रश्शाचं पातेलं ढवळत होता. मी सरळ वाउटरला म्हटलं, काय टिपलंत ते दाखवा. इस्साट घाईघाईने मध्ये पडला, ताई, राहू दे, थंडीत यंत्र बिघडेल त्यांचं. काल ज्याला हेर म्हणाला, त्याच्या यंत्राची आज एवढी काळजी? मला ते खटकलं.

वाउटर मात्र खूश होऊन माझ्याशेजारी येऊन बसला. कोल्हे झाले, गरुड झाला. मी म्हटलं, ते नको, कान दाखवा. तो जरा ओशाळला. पहिल्याच दिवशी आपण काहीतरी वावगं विचारून बसलो, म्हणून पुन्हा तोंड उघडलं नाही, असं म्हणाला. मग एका फोटोवर बोट ठेवून त्याने विचारलं, "ही आई ना? आणि हे तिचं पिल्लू. मग दोघांचे कान वेगळे कसे?"

फोटोत मादीने बर्फ उकरून खड्डा केला होता आणि पाडसाने त्याच खड्ड्यात तोंड घातलं होतं. हिवाळ्यात मादी आपल्या खड्ड्याजवळ परक्या पाडसाला फिरकू देत नाही, शिंगाने हाकलते. म्हणजे पाडस तिचंच. मादीच्या कानावर माझी खूण. पाडसाच्या कानाचं टोक तिरकं आणि खाली दोन खाचा. ही खूण बाबांनी इस्साटला बारशाला दिली, तेव्हा तो माझ्या मांडीवर होता.

शरद ऋतूत एखादं पाडस खूण न करता निसटतं. गडबडीत दुसऱ्या कुणाच्या हातून त्यावर चुकून आपली खूणही होते. मी म्हटलं, पुढचा फोटो. तिथेही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. काखेत कळसा होता आणि मी ह्या बिचाऱ्या माणसाच्या मागे बर्फ तुडवत हिंडत होते.

पातेल्यातला डाव थांबला होता.

"इस्साट," मी म्हटलं, "तुझ्याकडे रेनडिअर किती?"

वाउटर चमकून माझ्याकडे बघायला लागला. इस्साटची मान वर झाली नाही.

"ताई, पाहुण्यांसमोर विचारतेस?"

"पाहुण्यांनीच दाखवलं. उद्या सगळी कुंपणात घालू. आयांना पुढे सोडू आणि कोणतं पाडस कुणाच्या मागे जातं ते बघू. एल्लेलाही बोलावते."

एल्लेचं नाव काढलं तसा त्याचा चेहरा पडला. लहानपणी त्यानेच तिला स्लेजवर बसायला शिकवलं होतं. तो डाव खाली ठेवून उठला, टोपी घेतली आणि तंबूबाहेर गेला. मी उत्तराची वाट बघत होते. जाताना त्याने झाडाच्या अलीकडे-पलीकडेचं आमचं ठरलेलं उत्तरसुद्धा दिलं नाही.