दहाचे दहाच्या घरात

सकाळी साडेनऊ वाजता पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक गाडीच्या दारातून अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे आडवे झाले होते. अकरा वाजता मुलीची वाहन परवान्याची चाचणी होती. आधी दोनदा ती नापास झाली होती, आणि सोमवारी नव्या नोकरीवर रुजू होताना परवाना दाखवणे बंधनकारक होते. नेमके आजच गाडीचे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर संप पुकारून बसले होते.

"फ्यूज उडालाय, बाबा. गॅरेजवाल्याला बोलावू?"

"पस्तीस वर्षं वीज शिकवलीय मी!" स्टिअरिंगखालून आवाज आला.

"शिकवली हो," आई पायरीवरून म्हणाली, "पण घरातला दिवा गेला की वायरमनच येतो."

प्राध्यापकांनी तिकडे काणाडोळा केला. एकेक फ्यूज काढून, पाहून, लगेच परत बसवणे त्यांना गावठी वाटले. निरीक्षण कसे, सर्व नमुने एकाच उजेडात ठेवून करावे! इवल्या चिमट्याने त्यांनी बावीसच्या बावीस फ्यूज उपटले आणि वर्तमानपत्रावर रंगवार मांडले: दहा अँपिअरचे लाल, पंधराचे निळे, विसाचे पिवळे. एका लाल फ्यूजमधली तार तुटून काळवंडली होती.

"सापडला चोर!"

"वा! आणि बाकीचे कुठून कुठून काढलेत?" मुलीने विचारले.

प्राध्यापकांनी कागदावरून रिकाम्या पेटीकडे पाहिले.

"अहो, नोंद न ठेवता प्रयोग केला की मुलांना वर्गाबाहेर काढायचात ना तुम्ही?" आई म्हणाली.

त्या बावीस रिकाम्या खाचांकडे पाहताना प्राध्यापकांच्या तोंडचे पाणी पळाले. आपल्या शिस्तीपायी पोरीची नोकरी जाणार, हे त्यांना लख्ख दिसू लागले. "दहा मिनिटं दे, आठवतं मला," ते पुटपुटले. आठवत मात्र काहीच नव्हते.

मुलीने फ्यूजच्या पेटीचे झाकण उलटे केले. आत प्रत्येक खाचेत किती अँपिअरचा फ्यूज बसतो, तो आकडा छापलेला होता.

"बाबा, लाल सगळे सारखेच. दहाच्या घरात कुठलाही दहाचा चालतो. हा काही तुमचा हजेरीपट नाही, ज्याला त्याला आपलाच बाक मिळायला!"

उत्तर बिनचूक होते. प्राध्यापक तिच्या हातात एकेक फ्यूज देऊ लागले. शेवटी एक लाल कमी पडला.

"मग विसाचा लावा की. दणकट असेल, टिकेल तरी," आईने सुचवले.

"छे! मग फ्यूजऐवजी वायर जळेल!" बापलेक एका सुरात ओरडले.

रेडिओच्या खाचेतला लाल काढून मुलीने इंडिकेटरला दिला. किल्ली फिरताच टकटक सुरू झाली.

चाचणीच्या मैदानाबाहेरच्या बाकावर प्राध्यापक जीव मुठीत धरून बसले. फ्यूज उडाला होता खरा, पण का उडाला, हे कुठे कळले होते? पुन्हा उडाला तर? गाडी डावीकडे वळली, दिवा लुकलुकला. उजवीकडे वळली, लुकलुकला. मग ती थांबली. परीक्षकाने कागदावर सही केली आणि मुलीने काचेतून अंगठा वर केला. प्राध्यापकांनी चष्मा पुसला; चष्मा स्वच्छच होता.

शेजारी बसलेले गृहस्थ कुजबुजले, "आमच्या गाडीचा हॉर्न वाजत नाहीये हो, आणि पुढचा नंबर मुलाचा. तुम्हाला कळतं का काही फ्यूजमधलं?"

प्राध्यापकांनी क्षणभर छाती फुगवली. मग ती हळूच खाली गेली.

"माझ्या मुलीला कळतं," ते म्हणाले. "येईलच इतक्यात. तोवर कशाला हात लावू नका."