बाराशे लागली

तेजश्रीनं खड्ड्यातली सुकी माती उकरून पत्र्याचा बिल्ला बाहेर काढला. बिल्ल्यावर नंबर होता, तीनशे अठ्ठ्याऐंशी. झाड नव्हतं. तिनं वहीत फुली मारली आणि पुढच्या खड्ड्याकडं सरकली.

मागून नवसाबाई चालत होती. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली, पायात मेलेल्या नवऱ्याच्या चपला. चालताना त्या फटफट वाजत.

"जित्ती किती झाली, ताई?"

"एकोणीस."

"इसावं त्या खालच्या बांधाला हाय. करंज. दगडाआड हाय म्हणून दिसत नाय."

गिरणारे गावापुढची ही उघडी टेकडी. चार वर्षांपूर्वी एका प्रकल्पानं इथं चारशे खड्डे घेतले. ही झाडं जेवढा धूर शोषतील, तेवढा धूर कुठल्यातरी परदेशी विमान कंपनीनं आभाळात खुशाल सोडावा, असा सौदा होता. झाडं खरंच जगली का, हे तपासायला नाशिकची एक संस्था नेमली होती. तेजश्री तिथं नोकरीला. प्रकल्पाच्या कागदांवर या टेकडीवरची जगलेली झाडं होती बाराशे. चारशे खड्ड्यांत बाराशे! तो आकडा टेबलाटेबलावरून सह्या घेत परदेशात पोचला आणि वाटेत कुणालाही हसू आलं नाही.

हसू आलं ते संस्थेतल्या इंदिरा मॅडमना. "सरळ थाप आहे," त्या म्हणाल्या होत्या. "सांगणारा वारलाय ना? बायकोचा अंगठा घेऊन ये." जबाब त्यांनी टाईप करूनच दिला होता.

दोघी करंजाच्या तोकड्या सावलीत टेकल्या. तेजश्रीनं शाईची डबी उघडली, जबाब मांडीवर घेतला आणि वाचून दाखवला. टेकडीची राखण करणारे फकिरा यांनी जगलेल्या रोपांची खोटी संख्या सांगितली. एवढंच वाक्य. खाली अंगठ्यासाठी चौकोन.

नवसाबाईनं बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"शेळ्यांनी खाल्ली म्हणून ल्याहा ना. शेळ्यांना काय वाचता येतं?"

"मावशी..."

"पण शेळ्या बी कुठं हायेत? रोपं लावायच्या आधी त्याच इकायला लावल्या आमाला." ती कडवट हसली. मग चेहरा आवळला. "खोटं? ह्ये? दोन वर्सं झाली त्यांना जाऊन, आन् आता खोटे झाले?"

"खड्डे चारशे आहेत, मावशी. त्यांनी बाराशे सांगितली."

"मग बाराशेच लागली!" नवसाबाईनं तीन बोटं तिच्या तोंडासमोर धरली. "पयली चारशे उन्हानं गेली. दुसरी चारशे टेम्पोतनं आली, ती वाळवीनं खाल्ली. मग तिसरी. सायेब म्हणायचे, खड्डा रिकामा दिसता कामा नाय. तीनदा लावली ह्यांनी. खालच्या नाल्यावरनं कावडीनं पाणी आणलं, खांद्याची सालटी निघाली. किती लागली इचारल्यावर बाराशेच सांगनार की मानूस. कमी सांगितली असती तर म्हणाले असते, बाकीची घरी नेली."

तेजश्रीनं पिशवीतून फकिराच्या माहितीचा प्रकल्पाचा जुना फॉर्म काढला. प्रश्न सातवा. एकूण किती रोपं लागली?

तिनं तो दोनदा वाचला. विचारणाऱ्याला हवं होतं, किती रुजली. फकिरानं सांगितलं, किती खर्ची पडली. मराठीत दोन्हीला एकच शब्द. म्हणजे जितकी जास्त रोपं मेली, तितकं कागदावरचं जंगल दाट होत गेलं. आणि त्या मेलेल्या रोपांच्या भरवशावर विमानं उडाली.

फॉर्मच्या तळाशी माहिती घेणाऱ्याची सही होती. ऑफिसात ती कुणी पाहिली नव्हती. तिनंही नाही. गोल अक्षर, शेवटी ऐटीत ओढलेली रेघ. कॉलेजात असताना ती अशीच सही करायची. तेव्हा एका उन्हाळ्यात याच प्रकल्पासाठी रोजावर तिनं एकतीस गावं पालथी घातली होती. सगळीकडं हाच प्रश्न. हे गाव तिला आठवतही नव्हतं.

"काय झालं गं?"

"हा कागद मी भरलाय, मावशी."

नवसाबाईनं तिचा चेहरा न्याहाळला. नंतर बोलली ती हळू आवाजात.

"तू व्हतीस व्हय ती? ह्यांनी घरी येऊन सांगितलं व्हतं. शहरातली पोरगी आली व्हती, उन्हानं लाल झालेली. एका रोपाचं पानी तिला पाजलं म्हणाले. रातभर चुटपुट लागली व्हती त्यांना."

"माझी?"

"रोपाची."

तेजश्रीनं मान वर केली. "कुठलं रोप होतं ते?"

नवसाबाईनं सगळ्या उतारावरून एकदा हात फिरवला आणि तो खाली आणला. बिल्ले उन्हात चमकत होते.

मग तेजश्रीनं जबाब पुन्हा मांडीवर घेतला. 'टेकडीची राखण करणारे फकिरा' एवढ्यावर आडवी रेघ मारली, वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. 'सांगितली' खोडून 'लिहिली' केलं. बाकीचं वाक्य जसंच्या तसं चालत होतं. पिशवीत तसले आणखी तीस फॉर्म होते. तिनं नवं वाक्य मोठ्यानं वाचलं.

"ही खाडाखोड तुझ्या मॅडमला चालंल?"

तेजश्री पेनाचं टोपण शोधत राहिली. ते तिच्या हातातच होतं.

"खोटं म्हणून आता त्यांचं नाव नाय ना ह्यात?"

"नाही."

"मग लावते." नवसाबाईनं अंगठा पदराला पुसला आणि शाईच्या डबीकडं नेला. "कुठं लावू?"

तेजश्रीनं डबी मिटली आणि चौकोनात आपली सही केली.

"अंगठा लागत नाही, मावशी."